दोन तासांचं नाटक आणि बाकीचे बावीस तास

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की ख्रिस्ती संगीत नाटकाच्या मंडळीबरोबर मी १९ हंगाम पेटी वाजवत महाराष्ट्रभर फिरले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी दुसरा विषय घेताच येत नाही. दिवसही तेच आहेत. नाताळ उरकला की मंडळ्या येशूच्या दुःखसहनाच्या नाटकाची तालीम धरतात आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ रस्त्यावर काढतात. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पाच पत्रं घेते आहे. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : सलाम ताई. माझी मुलगी २० वर्षांची आहे. चर्चच्या गायनवृंदात ती लहानपणापासून गाते. आता एका नाटक मंडळीने तिला मरीया मग्दालीयेचं काम दिलं आहे. फेब्रुवारी ते ईस्टर दौरा, मुक्काम लोकांच्या घरी. तिचे पप्पा म्हणतात, अनोळखी घरात माझी मुलगी झोपणार नाही. मला तिला पाठवायचं आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. काय करू? (कळवा)

उत्तर : सलाम बाई. पप्पांवर रागावू नका. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो त्यांनी तुम्हाला विचारण्यापेक्षा मंडळीच्या मॅनेजरना विचारावा, आणि फोनवर नको, समोर बसून.

कोणत्या गावी कोणाच्या घरी मुक्काम, याची यादी पत्ता आणि फोनसकट निघण्याआधी हातात मिळते का? एका घरात निदान दोघी मुली असतात का, आणि त्या रात्री त्या घरची बाई घरात असते का? प्रयोगानंतर मुलींना दारापर्यंत सोडायला कोण जातं? रंगमंचावर जिचं काम नाही अशी एखादी वयाने मोठी बाई बरोबर असते का? आमच्याकडे एक निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना आत्या म्हणायचे. आत्या आधी घरात जाऊन यायच्या. दाराला आतून कडी आहे का, संडास किती लांब आहे, रात्री तिथवर उजेड असतो का, हे बघून झालं की मगच आमच्या पिशव्या टेम्पोतून खाली उतरायच्या. एकदा एका घरची बाई अचानक माहेरी गेल्याचं कळलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आत्यांनी यजमानांपुढे हात जोडले, आम्हा दोघींना उचललं आणि पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात नेऊन झोपवलं. यजमान भले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटलं. आत्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन चहा घेतला, पण निर्णय बदलला नाही. अशी कोणी मंडळीत नसेल, किंवा मॅनेजर ‘देव सांभाळतो’ म्हणून विषय बदलत असतील, तर मुलीला पाठवू नका.

पप्पांना आणखी एक सांगा. दौऱ्याचा पहिला प्रयोग बहुधा घराजवळच लागतो. त्याला त्यांनी दोन तास आधी जावं, टेम्पोतून सामान उतरत असताना. पडदे, स्पीकर, कपड्यांच्या ट्रंका, क्रूसाची लाकडं उतरत असतात. कोण कोणाला कशी हाक मारतं, पोरींच्या डोक्यावर ओझं देऊन कोण बाजूला उभं राहतं, येशूचं काम करणारा हातात झाडू घेतो का, हे तिथे दिसतं. प्रयोगात सगळेच चांगले वागतात.

आता मुलीसाठी. माझा पहिला हंगाम होता, मी तेव्हा तिच्याच वयाची. कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढून आम्ही आळेफाट्यावरून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे गेलो. एका वाडीत आम्हा दोघींना ज्या घरी दिलं ते दोन खोल्यांचं, पुढे पडवी. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पठारावरची थंडी. घरच्या बाईंनी दोन वाकळी आणून दिल्या. जुन्या लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या, चुलीच्या धुराचा वास असलेल्या. एक टाका हिरवा, एक पांढरा, दोरा असेल तसा. इतकी ऊब मला ठाण्यात कधी मिळाली नव्हती. पहाटे तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठले. पडवीत कांद्याच्या गोण्यांना टेकून ती बाई आणि तिचे यजमान बसल्या बसल्या झोपले होते. दोघांच्या अंगावर मिळून एक ताडपत्री होती. घरात पांघरुणं तेवढीच होती. मी आत येऊन आडवी झाले, पण ती वाकळ अंगावर घेववेना. नेऊन त्यांच्या अंगावर घालावी म्हटलं, तर त्यांना जाग आली असती आणि त्यांच्या पाहुणचाराचा मान गेला असता. सकाळी बाईंनी विचारलं, ‘झोप लागली का गं?’ मी हो म्हणाले.

त्याच दिवशी वाटेतल्या बाजारात मी घोंगडी घेतली. पुढच्या वर्षी मंडळीत नियमच झाला, अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याने आणायचं. येशू शिष्यांना जोडीजोडीने गावोगाव धाडतो, तो प्रसंग बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. काय बोलायचं ते तो थोडक्यात सांगतो. राहायचं कुठे, पुढे वाढलेलं खायचं, चांगलं घर शोधत या घरातून त्या घरात फिरायचं नाही, हे मात्र नीट बजावतो. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत होते, पण कळला त्या पडवीत. गावात आम्ही नाटक करतो दोन तास. उरलेले बावीस तास कोणाच्या तरी घरचे पाहुणे असतो, आणि लोकांच्या लक्षात राहतात ते हे बावीस तास.

तेव्हा तिच्या पिशवीत घोंगडी, विजेरी, खडीसाखर, ज्येष्ठमध आणि पाळीसाठी लागणारं सगळं सामान पुरून उरेल इतकं द्या. वाडीत रात्री दुकान उघडं नसतं. आंघोळीला एक बादली तापवलेलं पाणी मिळेल, तेवढ्यात भागवायला शिकवा. जेवल्यावर ताट स्वतः उचलायचं, बाई नको नको म्हणाल्या तरी. घशाची सबब सांगून जेवण नाकारायचं नाही. तिखट सोसत नसेल तर आधीच ताक मागून घ्यावं, ते कोणीही आनंदाने देतं.

प्रश्न : मी कीबोर्ड वाजवतो. ज्या मंडळीत दाखल झालो तिथे अजून पेटी, तबला आणि टाळ. मी सुचवलं, की गाणी आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर घेऊ, आवाज भरीव येईल, वादकांचा खर्चही वाचेल. मॅनेजर ऐकत नाहीत. चालीही भजनी आणि नाट्यसंगीताच्या. आजच्या मुलांना हे कसं आवडणार? (ऐरोली)

उत्तर : कीबोर्ड जरूर न्या. बॅटरीवर चालणारा असेल तर फारच उत्तम. ट्रॅकला मात्र माझा ठाम विरोध आहे.

वीज हे एक कारण. येशूला पकडतात त्या गेथशेमाने बागेचा प्रवेश चालू असताना लाईट जाणं आम्ही कितीदा तरी सोसलं. भारनियमनाच्या वर्षांत तर त्याची सवयच झाली होती. पेटी आणि तबला असला की गाणं तुटत नाही. कोणीतरी कंदील आणून ठेवतो आणि प्रयोग पुढे जातो. दुसरं, गळा. तिसऱ्या आठवड्यात, धुळीने आणि जागरणाने, काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकवर, म्हणजे अर्धा सूर खाली, उतरतो. मी त्याच्याकडे बघून पट्टी बदलायचे, लोकांना कळायचंही नाही. रोज वेगवेगळ्या पट्टीचा ट्रॅक कुठून आणणार?

खरं कारण तिसरं आहे. क्रूसावरून येशूचे ‘पूर्ण झाले आहे’ हे शेवटचे शब्द आले की आमच्या नाटकात गाणं लगेच सुरू होत नसे. मी नुसता षड्ज धरून भाता हलवत राहायचे. काही गावांत दहा आकडे मोजेपर्यंत, काही गावांत मिनिटभर. अंधारात रडण्याचा आवाज यायचा, एखादं मूल आईला काहीतरी विचारायचं, मग हळूहळू शांत व्हायचं. ते शांत झालं, की मी मरीयेला पहिला सूर द्यायचे. सोलापूरकडच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि हात जोडून तसेच थांबले. ते खाली बसेपर्यंत मी भाता सोडला नाही. हे ट्रॅकला कसं कळणार?

चालींबद्दल. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भजन आणि कीर्तनाचा आग्रह धरला, कारण अभंग-ओवीत वाढलेल्या माणसाच्या मनाला विलायती चाली भिडत नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी येशूचं सगळं चरित्र मराठी ओव्यांत रचून गोव्यात छापलं. ते जन्माने इंग्रज होते. मुलांचं म्हणाल, तर भैरवीतलं ध्रुपद दुसऱ्यांदा आलं की पुढच्या रांगेतली पोरं आमच्याबरोबर गायला लागायची. तुम्ही एक हंगाम काढा आणि मग मला लिहा.

पेटी हाताळावी लागली तर एवढं लक्षात ठेवा. टेम्पोत ती सामानाखाली ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची. एखादा सूर मुका झाला किंवा करकर करायला लागला, तर बहुतेक वेळा त्याच्या पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. पेटी उघडून सुरांची पाटी बाहेर घ्यायची, वहीच्या कागदाची पातळ पट्टी जिभेखाली सरकवायची आणि हळूच ओढून घ्यायची. फुंकर मारायची नाही, तोंडाच्या ओलाव्याने पितळ गंजतं. जीभ बोटाने उचलायची तर मुळीच नाही, सूर कायमचा बिघडतो.

प्रश्न : आमच्या चर्चने १६ जणांची मंडळी बोलावली आहे. सगळ्यांचे फ्लॅट लहान. त्यांची सोय लॉजवर करावी का? मानधनाचं काय? काही जण म्हणतात, दानपेटीत जमेल ते द्यावं. (नेरूळ)

उत्तर : घरं लहान असली तरी एका घरी दोघं राहतात. लॉज अगदीच नाइलाज झाला तर. सोसायटीच्या वॉचमनला नावं आणि टेम्पोचा नंबर दुपारीच देऊन ठेवा. रात्री अकराला दमलेल्या माणसांना गेटवर रजिस्टर भरत उभं करू नका.

उघड्यावर प्रयोग असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही. म्हणून पडदा सातला उघडलाच पाहिजे. भाषणं आणि सत्कार नाटकानंतर, तेही थोडक्यात. पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं प्रमाणपत्र मंडळीकडे असतं, त्याची प्रत आधीच मागवून घ्या. पाच वाजता पोहे-चहा आणि पोटभर जेवण प्रयोगानंतर. भरल्या पोटी कोणाला गाता येत नाही.

दानपेटीचा विचार सोडून द्या. रक्कम बोलावतानाच ठरवा, डिझेल वेगळं धरा आणि पाकीट त्याच रात्री, सामान टेम्पोत चढायच्या आधी मॅनेजरच्या हातात द्या. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे वाक्य मी वर सांगितलेल्या त्याच दहाव्या अध्यायात आहे. आम्हाला एका ठिकाणी ‘पुढच्या रविवारी पाठवतो’ म्हणून निरोप दिला. परतीच्या डिझेलसाठी आत्यांनी आपली बांगडी गहाण ठेवली. ते पैसे कधीच आले नाहीत.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, हौशी रंगभूमीवर ३० वर्षं काम करतो. एका ख्रिस्ती मंडळीने मला पिलाताचं, म्हणजे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं, काम विचारलं आहे. घरी गणपती बसतो. प्रयोगाआधी ते सगळे प्रार्थना करतात. मी तेव्हा काय करायचं? माझ्यामुळे त्यांना संकोच होईल का? (ठाणे)

उत्तर : काम घ्या आणि मनातला हा प्रश्न पहिल्याच तालमीला मोकळेपणाने विचारा. तुम्ही नटराजाला नारळ वाढवून पडदा उघडता, तसे आम्ही हात धरून गोल उभे राहतो. त्या गोलात मान खाली घालून उभं राहिलात तरी चालेल, विंगेत थांबलात तरी चालेल. आमचा तबलजी ११ हंगाम आमच्याबरोबर होता. वारकऱ्याच्या घरचा, गळ्यात तुळशीची माळ. तो गोलाबाहेर तबल्यावर हात ठेवून उभा राहायचा आणि आमचं ‘आमेन’ झालं की पहिली थाप द्यायचा. दुसऱ्या वर्षापासून गावोगावच्या घरच्या बायका त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात साधं वरण लावायला लागल्या, आणि एकादशीला साबुदाणा भिजवलेला असायचा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

या रक्ताचा दोष माझ्यावर नाही म्हणून पिलात हात धुतो, हे चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मत्तयात आहे, पण लोक त्या क्षणाची वाट बघत असतात. स्टीलचं घंगाळ घेऊ नका, माईकवर पाण्याचा आवाज कर्कश येतो. पितळी घ्या, आणि पाणी उंचावरून ओतायला सांगा.

एक गोष्ट मात्र संहिता हातात आली की बघा, कारण आमच्याकडून ती चूक झाली होती. पिलातापुढे जमाव ओरडतो त्या प्रवेशात आमच्याकडे एक जोरकस समूहगीत होतं. त्यात ‘त्याचं रक्त आमच्या मुलाबाळांवर’ ही ओळ परत परत यायची, आणि जमावाला सरसकट ‘यहूदी’ म्हटलं होतं. ठाण्यात बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहूदी, कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत; इथलं त्यांचं प्रार्थनामंदिर, शार हशामाईम सिनेगॉग, १८७९ सालचं. माझी शाळेपासूनची एक मैत्रीण त्या समाजातली, आमच्याइतकीच मराठी. माझं वाजवणं ऐकायला म्हणून ती प्रयोगाला आली. नंतर तलावपाळीवर आम्ही बराच वेळ बसलो. ती म्हणाली, ‘पेटी सुंदर झाली गं. पण ते गाणं चालू झालं आणि मला वाटलं, आता शेजारची बाई माझ्याकडे वळून बघणार.’ बाकी काही बोलली नाही. शेंगदाण्याची पुडी तिने तशीच हातात धरून ठेवली होती.

मी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना सांगितलं. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी, आणि आपण हे काय गातो आहोत? ते दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी ते गीत काढून टाकलं. जमावाला वेगळा पोशाख होता तोही काढला आणि ओरडणारी माणसं प्रेक्षकांत बसवली, साध्या शर्ट-साड्यांत. प्रवेश आधीपेक्षा कितीतरी अंगावर यायला लागला. जर्मनीतल्या ओबरअमरगाऊ गावात १६३४ पासून हे नाटक होत आलं आहे. याच कारणासाठी त्यांनाही आपली संहिता बदलावी लागली. तुमच्या मंडळीत असं गाणं असेल तर पिलाताच्या जागेवरून तुम्हाला ते सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल. तेव्हा बोला. तीस वर्षं रंगभूमीवर असलेल्या माणसाचं ऐकतात.

प्रश्न : मी तीन हंगाम यहूदा इस्कर्योताचं, म्हणजे तीस चांदीच्या नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं, काम करतो आहे. गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका गावात ज्या घरी उतरलो, तिथल्या आजींनी ताट वाढलं पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मुलं ‘यहूदा आला’ म्हणून पळायची. तेव्हा हसून सोडून दिलं. आता घरी येऊन आठ महिने झाले, तरी रात्री दचकून जाग येते. पुन्हा जाऊ का? (घणसोली)

उत्तर : आठ महिने झोप मोडते आहे, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ही गोष्ट मंडळीत लपवू नका. यंदा ते काम दुसऱ्याला द्यायला सांगा. आमच्याकडे दोन हंगामांपेक्षा जास्त यहूदा कोणी करत नसे. तुम्हाला तिसरा हंगाम करायला लावला, ही मंडळीची चूक झाली. तुम्ही पेत्र करा, किंवा एक वर्ष लाईट सांभाळा.

आजींवर राग धरू नका. त्यांनी नाटक किती मनापासून पाहिलं याचाच तो पुरावा आहे, पण त्याचा भार तुमच्या एकट्यावर पडायला नको होता. शेवटच्या गाण्याला आमचा यहूदा पोशाख उतरवून, साध्या सदऱ्यात, सगळ्यांबरोबर उभा राहून गायचा. तुमच्या मंडळीत ही पद्धत नसेल तर ती पाडून घ्या, पुढच्या मुलासाठी तरी.

आमच्या एका यहूदाने स्वतःहून एक गोष्ट सुरू केली होती. चांदीची नाणी म्हणून आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर होते, कापडी थैलीत, मोजून तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या घरच्या मुलांपुढे तो थैली ओतायचा आणि म्हणायचा, ‘मोजून द्या रे, रात्री मंदिरात फेकली तेव्हा हरवली असतील.’ पोरं आधी दाराआडून बघायची, मग एक जण पुढे यायचा. बीड जिल्ह्यातल्या एका गावी मोजली तर एकोणतीस भरली. तो आणि सात-आठ पोरं मांडवाखाली गेली, गवत बाजूला करत. आम्ही टेम्पो चालू करून थांबलो होतो. अर्ध्या तासाने एक परकरातली मुलगी मूठ घट्ट मिटून धावत आली आणि तिने ते वॉशर त्याच्या हातात ठेवलं. आजी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन एका फडक्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून आणला आणि टेम्पोच्या खिडकीतून त्यालाच दिला.